ग्रेट ब्रिटनमधील गृहतापन : वायू आणि वीज यांची तुलना

ग्रेट ब्रिटनमध्ये (इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स) हिवाळ्यात घरे उबदार ठेवण्यासाठी प्रामुख्याने नैसर्गिक वायू आणि वीज ही दोन ऊर्जासाधने वापरली जातात. यांपैकी वायूचा वापर फार मोठा आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार इंग्लंड व वेल्समधील ७३.८ टक्के कुटुंबांच्या घरात केवळ नळाने येणाऱ्या वायूवर चालणारी मध्यवर्ती तापनव्यवस्था होती. केवळ विजेवर तापणाऱ्या घरांचे प्रमाण सुमारे बारा घरांमागे एक इतके होते. उत्तर आयर्लंडमध्ये खनिज तेलावरील तापन अधिक प्रचलित असून तेथील दरनियमनही स्वतंत्र आहे. त्यामुळे त्या प्रदेशाचा विचार या लेखात केलेला नाही.

दरपत्रकावर वायूचे एक युनिट विजेच्या एका युनिटाच्या सुमारे एक-चतुर्थांश किमतीला मिळते. तथापि कुटुंबाला प्रत्यक्षात हवी असते ती खोलीतील ऊब, मीटरवरील युनिट नव्हे. एका युनिटापासून किती ऊब मिळते हे उपकरणावर अवलंबून असते. वायूच्या बॉयलरमध्ये काही उष्णता धुराड्यावाटे वाया जाते, साध्या विद्युत हीटरमध्ये विजेएवढीच उष्णता मिळते, तर उष्णता पंपात विजेच्या सुमारे तिप्पट उष्णता मिळू शकते. म्हणून ‘वायू स्वस्त की वीज?’ या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. साध्या हीटरची वीज वायूपेक्षा फार महाग पडते, तर चांगल्या उष्णता पंपाची वीज वायूच्या बरोबरीला येते.

## पार्श्वभूमी

ब्रिटनचे हवामान अतिशीत नसले तरी थंडीचा काळ दीर्घ असतो. लंडनमध्ये जानेवारीचे सरासरी तापमान ५ ते ६ अंश सेल्सियस असते आणि बहुतेक घरांत ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत तापनाची गरज भासते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गृहनिर्माणविषयक मार्गदर्शक तत्त्वांत थंड हंगामात घरातील तापमान किमान १८ अंश सेल्सियस असावे असे सुचवले आहे.

घरांचे वय हा दुसरा महत्त्वाचा घटक आहे. इंग्लंडमधील जवळजवळ पाचवा हिस्सा घरे १९१९ पूर्वी बांधलेली आहेत. त्यांच्या भिंती सहसा एकसंध विटांच्या असतात आणि मध्ये पोकळी नसल्याने त्यांतून उष्णता लवकर निसटते. पुढील काळातील दुहेरी भिंतींच्या पोकळीत उष्णतारोधक द्रव्य भरता येते. एकसंध भिंतींना मात्र आतून किंवा बाहेरून अस्तर द्यावे लागते, आणि ते खर्चिक असते.

## इतिहास

### कोळसा आणि शहर वायू

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटिश घरांत ऊब मिळे ती मुख्यतः उघड्या शेगडीत जाळलेल्या कोळशापासून. वायूचा उद्योगही जुना होता. १८१२ मध्ये राजसनद मिळालेल्या ‘गॅस लाइट अँड कोक कंपनी’ने लंडनमध्ये वायुपुरवठा सुरू केला. हा वायू कोळसा बंद भट्टीत तापवून तयार केला जाई व त्यास ‘शहर वायू’ म्हणत. त्यात हायड्रोजन व मिथेन यांबरोबर विषारी कार्बन मोनॉक्साइडही असे. त्याचा उपयोग प्रारंभी दिवाबत्तीसाठी व नंतर स्वयंपाकासाठी अधिक झाला.

५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात लंडनवर दाट विषारी धुरके पसरले. त्या वेळी सुमारे ४,००० मृत्यूंची नोंद झाली. नंतरच्या अभ्यासांत हा आकडा याहून बराच मोठा मानला गेला. या आपत्तीनंतर १९५६ चा स्वच्छ हवा कायदा संमत झाला. त्यान्वये स्थानिक प्रशासनांना धूर-नियंत्रण क्षेत्रे घोषित करण्याचा अधिकार मिळाला आणि घरगुती कोळशाला पर्याय शोधणे अपरिहार्य झाले.

### उत्तर समुद्रातील वायू

सप्टेंबर १९६५ मध्ये उत्तर समुद्रात वेस्ट सोल येथे नैसर्गिक वायूचा साठा सापडला. हा शोध लावणारा ‘सी जेम’ हा वेधनमंच त्याच वर्षी २७ डिसेंबर रोजी कोसळला व १३ जणांचा मृत्यू झाला. १९६७ मध्ये या क्षेत्रातील वायू नळाने किनाऱ्यावर येऊ लागला.

नैसर्गिक वायू हा मुख्यतः मिथेन असून त्याची उष्णता देण्याची क्षमता शहर वायूच्या सुमारे दुप्पट असते. जुन्या शेगड्यांचे व हीटरांचे ज्वालक (बर्नर) या वायूसाठी निरुपयोगी होते. म्हणून १९६७ ते १९७७ या दशकात घरोघरी जाऊन वायूची उपकरणे बदलण्याचा कार्यक्रम राबवण्यात आला. तो सव्वा कोटीहून अधिक ग्राहकांपर्यंत पोहोचला. याच काळात एका बॉयलरमध्ये पाणी तापवून ते प्रत्येक खोलीतील रेडिएटरमधून फिरवण्याची मध्यवर्ती तापनपद्धती सर्वसामान्य घरांत रूढ झाली. उत्तर समुद्रातील ब्रिटिश वायूचे उत्पादन २००० च्या सुमारास शिखरावर पोहोचले आणि २००४ पासून ब्रिटन वायूचा निव्वळ आयातदार बनला.

### विजेवरील तापन

वीजनिर्मिती केंद्रे रात्री पूर्णपणे बंद करणे सोयीचे नसते. रात्रीची ही शिल्लक वीज खपावी म्हणून १९६० च्या दशकात साठवण हीटरांचा (स्टोरेज हीटर) प्रसार करण्यात आला. १९७८ मध्ये ‘इकॉनॉमी सेव्हन’ हे दरपत्रक सुरू झाले. त्यात रात्रीचे सात तास वीज कमी दराने मिळते. वायूच्या नळापासून दूर असलेली खेडी आणि उंच सदनिका-इमारती येथे विजेवरील तापन विशेष आढळते.

उंच इमारतींतील वीजतापनामागे एका दुर्घटनेचा इतिहास आहे. १६ मे १९६८ रोजी पूर्व लंडनमधील ‘रोनन पॉइंट’ या २२ मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर वायूचा स्फोट झाला व इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. त्यात चार जण मृत्युमुखी पडले. या दुर्घटनेनंतर मोठ्या काँक्रीट फलकांनी बांधलेल्या अनेक इमारतींतून वायू काढून टाकण्यात आला. तेथील रहिवाशांना, ज्यांत सार्वजनिक मालकीच्या घरांतील अल्प उत्पन्नाची कुटुंबे मोठ्या संख्येने होती, विजेशिवाय पर्याय उरला नाही.

## मोजमाप

वायू व वीज या दोहोंचे देयक किलोवॉट-तास या एककात आकारले जाते. महाराष्ट्रातील वीजबिलावर ज्यास ‘युनिट’ म्हणतात ते हेच एकक होय. १,००० वॉटचे उपकरण एक तास चालल्यास एक युनिट वीज खर्च होते.

विजेचा मीटर थेट युनिट दाखवतो. वायूचा मीटर मात्र आकारमान मोजतो, म्हणून घनमीटरचे रूपांतर युनिटांत करावे लागते. त्यासाठी घनमीटरला १.०२२६४ या तापमान-दाब सुधारणांकाने व वायूच्या उष्मांक-मूल्याने गुणून ३.६ ने भागतात. उष्मांक-मूल्य दर घनमीटरला ३९.५ मेगाज्यूल धरल्यास १०० घनमीटर वायू म्हणजे सुमारे १,१२२ युनिटे होतात. काही जुने मीटर शेकडा घनफुटांत मोजतात; तेथे मीटरवरील एक अंक म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर. मीटर घनफुटांचा असताना नोंद घनमीटर समजून घेतली, किंवा याच्या उलट झाले, तर देयकात जवळजवळ तिपटीची चूक होते. म्हणून नव्या घरात गेल्यावर मीटरवरील एकक तपासणे आवश्यक असते.

युनिटांच्या दराखेरीज दोन्ही पुरवठ्यांवर दररोज ‘स्थिर आकार’ द्यावा लागतो. काहीही वापर झाला नाही तरी तो टळत नाही.

## तापनाच्या पद्धती

### वायूचा बॉयलर

बॉयलरमध्ये वायू जाळून पाणी तापवले जाते आणि पंपाच्या साहाय्याने ते रेडिएटरमधून फिरवले जाते. वायू जळताना पाण्याची वाफ तयार होते. जुन्या बॉयलरमध्ये ही वाफ धुराड्यावाटे बाहेर जात असे. कंडेन्सिंग बॉयलरमध्ये तिचे पाण्यात रूपांतर करून तिच्यातील अप्रकट उष्माही उपयोगात आणतात. इंग्लंड व वेल्समध्ये २००५ पासून नव्याने बसवल्या जाणाऱ्या वायू-बॉयलरसाठी, मोजके अपवाद वगळता, हा प्रकार बंधनकारक झाला.

प्रयोगशाळेत या बॉयलरांची कार्यक्षमता ९० टक्क्यांहून अधिक भरते. प्रत्यक्ष घरांत ती बरेचदा ८५ टक्क्यांच्या आसपास राहते. रेडिएटरमधून परतणारे पाणी सुमारे ५५ अंश सेल्सियसपेक्षा थंड असेल तरच वाफेचे पुरेसे संघनन होते, हे त्याचे प्रमुख कारण आहे. अनेक घरांत बॉयलरचे पाणी ७० ते ८० अंशांवर ठेवलेले असते, त्यामुळे कंडेन्सिंग रचनेचा लाभच मिळत नाही. पाण्याचे तापमान ६० अंशांपर्यंत खाली आणणे हा काहीही खर्च न करता वायू वाचवण्याचा मार्ग आहे. मात्र गरम पाण्याची साठवण टाकी असलेल्या घरांत जिवाणूंची वाढ रोखण्यासाठी टाकीतील पाणी ६० अंशांपर्यंत तापणे आवश्यक असते. त्यामुळे अशा घरांत बॉयलर याहून थोड्या वरच्या तापमानावर ठेवावा लागतो.

### थेट विद्युत तापन

पंख्याचे हीटर, भिंतीवरील पॅनेल हीटर, तेल भरलेले रेडिएटर आणि अवरक्त किरणांचे हीटर या सर्वांत विजेचे रूपांतर थेट उष्णतेत होते. एक युनिट विजेपासून एक युनिट उष्णता मिळते. त्याहून अधिक मिळणे शक्य नसते. त्यामुळे समान वॅटच्या महाग व स्वस्त हीटरांपासून मिळणारी उष्णता समानच असते. फरक असतो तो नियंत्रणाच्या सोयींत आणि उष्णता पसरण्याच्या रीतीत. ‘कमी विजेत अधिक ऊब’ अशी जाहिरात साध्या हीटरच्या बाबतीत शास्त्रीयदृष्ट्या निराधार ठरते.

### साठवण हीटर

या हीटरमध्ये उच्च घनतेच्या विटा असतात. रात्रीच्या स्वस्त विजेने त्या काही शे अंशांपर्यंत तापवल्या जातात आणि दिवसा त्यांतील उष्णता हळूहळू खोलीत सोडली जाते. उष्णता किती साठवावी हे आदल्या रात्रीच ठरवावे लागते. हवामान अचानक बदलल्यास उष्णता अपुरी पडते किंवा वाया जाते. जुन्या हीटरांतील बरीचशी ऊब घरातील माणसे कामावर असताना संपते आणि संध्याकाळी, नेमकी गरज असताना, विटा निवालेल्या असतात. शिवाय दुहेरी दरपत्रकात दिवसाचा दर साध्या दरापेक्षा सहसा जास्त असल्याने रात्री पुरेशी वीज न वापरणाऱ्या कुटुंबाला हे दरपत्रक तोट्याचे ठरते.

### उष्णता पंप

उष्णता पंप (हीट पंप) उष्णता निर्माण करत नाही. बाहेरच्या हवेतील, जमिनीतील किंवा पाण्यातील उष्णता तो घरात आणतो. शीतकपाटाचे (फ्रिजचे) तत्त्व येथे उलट्या हेतूने वापरलेले असते. कमी तापमानाला उकळणारा द्रव बाहेरील उष्णता शोषून वायुरूप होतो, दाबयंत्र त्यावरील दाब वाढवते तसे त्याचे तापमान वाढते आणि ती उष्णता रेडिएटरच्या पाण्याला दिल्यावर तो पुन्हा द्रवरूप होतो. वीज खर्च होते ती मुख्यतः दाबयंत्र चालवण्यासाठी.

यंत्राच्या साहाय्याने उष्णता अशी वर चढवता येईल ही कल्पना विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५२ मध्ये मांडली होती. जॉन समनर यांनी १९४५ मध्ये नॉरिच येथे नदीच्या पाण्यातील उष्णता वापरून एक इमारत तापवली. १९५१ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये टेम्स नदीच्या पाण्यावर असाच प्रयोग झाला. कोळसा व पुढे वायू मुबलक असल्याने ब्रिटनमध्ये या तंत्राचा प्रसार झाला नाही.

वर्षभरात मिळालेली उष्णता भागिले खर्च झालेली वीज या गुणोत्तरास ‘हंगामी कार्यगुणांक’ म्हणतात. ब्रिटनमध्ये शासकीय निधीतून शेकडो घरांत घेतलेल्या चाचणीत हवेतील उष्णता घेणाऱ्या पंपांसाठी त्याचे मध्यक मूल्य सुमारे २.८ आढळले. काळजीपूर्वक आखलेल्या व्यवस्थेत ते ३.५ किंवा त्याहून अधिक होऊ शकते. बाहेरची हवा जितकी थंड व रेडिएटरचे पाणी जितके गरम, तितका हा गुणांक घसरतो. म्हणून पंपासाठी पाण्याचे तापमान ३५ ते ५० अंशांपर्यंत ठेवतात आणि त्या कोमट पाण्यातून पुरेशी ऊब मिळावी यासाठी मोठे रेडिएटर किंवा जमिनीखालील नळ्या बसवतात.

## खर्चाची तुलना

ग्रेट ब्रिटनमध्ये जानेवारी २०१९ पासून ‘ऑफजेम’ ही नियामक संस्था घरगुती दरांची कमाल मर्यादा ठरवते. जानेवारी ते मार्च २०२५ या तिमाहीत विजेचा सरासरी कमाल दर प्रति युनिट २४.८६ पेन्स व वायूचा ६.३४ पेन्स होता. स्थिर आकार विजेसाठी प्रतिदिन ६०.९७ पेन्स व वायूसाठी ३१.६५ पेन्स होता. वर्षाला २,७०० युनिटे वीज व ११,५०० युनिटे वायू वापरणारे घर ऑफजेम त्या वेळी प्रातिनिधिक मानत असे. या दरांनुसार त्याचे वार्षिक देयक १,७३८ पौंड होते. प्रदेश व देयक भरण्याची पद्धत यांनुसार दरांत फरक पडतो.

पुढील कोष्टकात वर्षाला १०,००० युनिटे उपयुक्त उष्णता लागणाऱ्या घराचा हिशेब वरील दरांनी केला आहे. घरात वीज असतेच, म्हणून विजेचा स्थिर आकार कोठेही धरलेला नाही. वायूचा स्थिर आकार (वर्षाला सुमारे ११६ पौंड) केवळ वायूच्या घरास धरला आहे. रकमा पूर्णांकात दिल्याने बेरजेत एका पौंडाचा फरक दिसू शकतो.

| पद्धत | गृहीतक | मीटरवरील युनिटे | ऊर्जेचा खर्च (पौंड) | स्थिर आकारासह (पौंड) |
|---|---|---|---|---|
| वायूचा बॉयलर | कार्यक्षमता ८५ टक्के | ११,७६५ | ७४६ | ८६१ |
| थेट विद्युत हीटर | कार्यक्षमता १०० टक्के | १०,००० | २,४८६ | २,४८६ |
| साठवण हीटर | सर्व वीज निम्म्या दराने | १०,००० | १,२४३ | १,२४३ |
| उष्णता पंप | कार्यगुणांक २.८ | ३,५७१ | ८८८ | ८८८ |
| उष्णता पंप | कार्यगुणांक ३.५ | २,८५७ | ७१० | ७१० |

या हिशेबानुसार थेट विद्युत तापनाचा खर्च वायूच्या जवळजवळ तिप्पट होतो, तर मध्यम प्रतीचा उष्णता पंप वायूच्या बरोबरीला येतो. वायूचे कनेक्शन चालूच ठेवल्यास पंपाचा कार्यगुणांक सुमारे ३.३३ असावा लागतो, तेव्हा दोन्हींचा खर्च समान होतो. स्वयंपाकासह सर्व वापर विजेवर आणून वायूचा मीटर काढून टाकल्यास हीच मर्यादा सुमारे २.९ पर्यंत खाली येते.

हा केवळ चालू खर्च झाला. वायूचा बॉयलर बदलण्यास साधारणतः दोन ते साडेतीन हजार पौंड लागतात, तर उष्णता पंपाचा खर्च अनुदानापूर्वी सहसा दहा हजार पौंडांहून अधिक असतो.

### एकच खोली तापवणे

संपूर्ण घर वायूने तापवण्याऐवजी एकच खोली विजेच्या हीटरने तापवणे स्वस्त पडते का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. वरील दरांनी उपयुक्त उष्णतेचे एक युनिट वायूपासून सुमारे ७.५ पेन्सला व हीटरपासून २४.८६ पेन्सला पडते. म्हणजे त्या खोलीची गरज संपूर्ण घराच्या गरजेच्या ३० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर हीटर स्वस्त ठरतो. एक किलोवॉटचा हीटर चार तास चालल्यास सुमारे ९९ पेन्स खर्च येतो. परंतु बहुतेक रेडिएटरांना स्वतंत्र तापनियंत्रक झडप असते. इतर खोल्यांच्या झडपा मंद ठेवून तीच एक खोली वायूने तापवल्यास वायू पुन्हा स्वस्त ठरतो. मात्र न तापवलेल्या खोल्यांत दमटपणा साचून भिंतींवर बुरशी येण्याचा धोका दोन्ही उपायांत राहतो.

## वीज महाग असण्याची कारणे

विजेचा दर वायूच्या चौपट असण्यामागे तीन मुख्य कारणे आहेत.

पहिले कारण भौतिक आहे. ब्रिटनमधील विजेचा मोठा भाग वायू जाळूनच तयार होतो आणि उत्तम वायू-वीजकेंद्रातही इंधनातील साधारण निम्म्या उष्णतेचीच वीज होते. वहनातही काही वीज वाया जाते.

दुसरे कारण बाजाराच्या रचनेत आहे. घाऊक बाजारात प्रत्येक कालखंडातील मागणी पूर्ण करणाऱ्या शेवटच्या, म्हणजे सर्वांत महाग केंद्राच्या खर्चावर विजेचा भाव ठरतो. बहुतेक वेळा हे शेवटचे केंद्र वायूचे असते. त्यामुळे वायू महागला की वीजही महागते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर याचा तीव्र अनुभव आला. ऑक्टोबर २०२२ साठी प्रातिनिधिक घराची दरमर्यादा वार्षिक ३,५४९ पौंडांवर पोहोचली, तेव्हा शासनाने वरचा भार स्वतः उचलून ती २,५०० पौंडांपर्यंत रोखली.

तिसरे कारण धोरणात्मक आहे. नवीकरणीय ऊर्जेला साहाय्य व तत्सम योजनांचा खर्च दीर्घकाळ प्रामुख्याने वीजदेयकांतून वसूल केला गेला. वायूवर त्याचा भार अल्प राहिला. हा भार वायूवर किंवा सर्वसाधारण करांवर हलवावा अशी मागणी उष्णता पंपांचे समर्थक करतात. तो वायूवर हलवल्यास वायू वापरणाऱ्या गरीब कुटुंबांना झळ बसेल, हा त्यावरील प्रमुख आक्षेप आहे.

## पर्यावरणीय परिणाम

वायूचे एक युनिट जाळल्यावर सुमारे ०.१८ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. बॉयलरची कार्यक्षमता ८५ टक्के धरल्यास उपयुक्त उष्णतेच्या प्रत्येक युनिटामागे हे प्रमाण सुमारे ०.२१ किलोग्रॅम होते.

विजेचे उत्सर्जन ती कशापासून तयार होते यावर ठरते. कोळशाच्या काळात विद्युत तापन वायूपेक्षा कितीतरी अधिक प्रदूषणकारी होते. १८८२ मध्ये लंडनमधील हॉलबर्न व्हायाडक्ट येथे सुरू झालेले ब्रिटनमधील कोळशाच्या विजेचे पर्व ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोअर हे शेवटचे केंद्र बंद झाल्याने संपले. पवनऊर्जेच्या वाढीमुळे प्रति युनिट विजेचे उत्सर्जन आता सुमारे ०.२ किलोग्रॅमपर्यंत उतरले आहे. त्यामुळे साधा हीटर उत्सर्जनात वायूच्या जवळपास आहे, तर २.८ कार्यगुणांकाच्या पंपाचे उत्सर्जन सुमारे ०.०७ किलोग्रॅम, म्हणजे वायूच्या एक-तृतीयांश होते. एकदा बसवलेला बॉयलर पुढील दहा-पंधरा वर्षे तेवढाच कार्बन सोडत राहतो. विजेवरील यंत्राचे उत्सर्जन वीज स्वच्छ होत जाईल तसे आपोआप घटते.

## सुरक्षितता

नैसर्गिक वायूत कार्बन मोनॉक्साइड नसतो; परंतु हवा अपुरी पडून ज्वलन अपूर्ण राहिल्यास तो तयार होतो. त्याला रंग किंवा वास नसल्याने धोका लक्षात येत नाही. डोकेदुखी, मळमळ व चक्कर ही प्राथमिक लक्षणे साध्या आजारासारखी वाटतात. महाराष्ट्रात बंद न्हाणीघरांतील गॅस गिझरमुळे होणाऱ्या अपघातांमागेही हेच कारण असते. ब्रिटनमध्ये वायूची उपकरणे बसवण्याचे व दुरुस्तीचे काम केवळ ‘गॅस सेफ रजिस्टर’मध्ये नोंद असलेल्या तंत्रज्ञानेच करावे असा नियम आहे. ही नोंदवही १ एप्रिल २००९ पासून अमलात आहे. भाड्याच्या घरातील वायू-उपकरणांची वर्षातून एकदा तपासणी करून घेणे व तिचे प्रमाणपत्र भाडेकरूस देणे १९९८ च्या नियमांनुसार घरमालकावर बंधनकारक आहे.

विजेवरील तापनात कार्बन मोनॉक्साइडचा धोका नसतो. मात्र सुटे हीटर पडदे, अंथरूण किंवा वाळत घातलेल्या कपड्यांजवळ ठेवल्याने आगी लागतात. अनेक उपकरणे जोडलेल्या विस्तारित तारेवर (एक्स्टेन्शन बोर्डावर) हीटर चालवणेही धोक्याचे असते.

## इंधन-दारिद्र्य

घर पुरेसे उबदार ठेवणे न परवडण्याच्या स्थितीस ‘इंधन-दारिद्र्य’ म्हणतात. ब्रेंडा बोर्डमन यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून अधिक खर्च ऊर्जेवर करावा लागणे, असा निकष मांडला. इंग्लंडमध्ये २०२१ पासून वेगळा निकष लागू आहे. घराचा ऊर्जा-कार्यक्षमता दर्जा ‘डी’ किंवा त्याखालील असेल आणि ऊर्जेचा व घराचा खर्च वजा जाता उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली येत असेल, तरच ते कुटुंब इंधन-दरिद्री गणले जाते. परिणामी ‘सी’ दर्जाच्या घरात राहणारे कुटुंब, देयक कितीही न परवडणारे असले तरी, या गणनेत येत नाही.

वायू आणि वीज यांतील दरफरकाचा सर्वाधिक भार निवडीची मुभा नसलेल्यांवर पडतो. उंच इमारतींतील सदनिका, भाड्याच्या एकेका खोलीची घरे आणि वायूच्या नळापासून दूर असलेली खेडी येथील रहिवाशांना तापनाची पद्धत स्वतः बदलता येत नाही. भाड्याच्या घरात हीटर निवडतो घरमालक आणि देयक भरतो भाडेकरू, त्यामुळे स्वस्तातला थेट हीटर बसवण्यात मालकाचे नुकसान नसते. शिक्षणासाठी भारतातून गेलेल्या विद्यार्थ्यांनाही भाडे ठरवताना तापन वायूवर आहे की विजेवर, आणि ऊर्जेचा खर्च भाड्यात धरलेला आहे का, हे दोन प्रश्न विचारावे लागतात.

अल्प उत्पन्नाच्या अनेक घरांत आगाऊ पैसे भरून चालणारा मीटर असतो. त्यातील रक्कम संपली की पुरवठा थांबतो. देयक थकल्यास पुरवठादाराला ते वसूल करावे लागते व त्याची नोंद होते. येथे मात्र कुटुंब नकळत स्वतःच पुरवठा बंद करून घेते आणि थंडीत बसते. अशा ग्राहकांच्या घरात सक्तीने मीटर बसवण्याच्या पद्धतीवर मोठी टीका झाल्यानंतर फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑफजेमच्या सूचनेवरून ती थांबवण्यात आली. पुढे कठोर अटींसह तिला मर्यादित परवानगी मिळाली.

## शासकीय धोरण

मे २०२२ मध्ये इंग्लंड व वेल्ससाठी उष्णता पंपास अनुदान देणारी ‘बॉयलर अपग्रेड स्कीम’ सुरू झाली. हवेवरील पंपासाठी प्रारंभी ५,००० पौंड अनुदान होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ७,५०० पौंड करण्यात आले. २०२८ पर्यंत दरवर्षी सहा लाख पंप बसवण्याचे उद्दिष्ट ठरवण्यात आले.

वायूच्या नळांतून हायड्रोजन पुरवण्याचाही विचार झाला. परंतु संपूर्ण वस्तीत त्याची चाचणी घेण्याच्या एलस्मिअर पोर्ट व रेडकार येथील दोन्ही योजना २०२३ मध्ये रद्द झाल्या. विजेपासून हायड्रोजन बनवून तो जाळण्यापेक्षा तीच वीज उष्णता पंपास दिल्यास कितीतरी अधिक उष्णता मिळते, हा हायड्रोजनविरुद्धचा मुख्य आक्षेप आहे.

## निवडीचे निकष

कोणत्याही एका घरासाठी तुलना करताना पुढील क्रम उपयुक्त ठरतो :

- देयकावरील विजेच्या दराला वायूच्या दराने भागून गुणोत्तर काढणे.
- बॉयलरचे वय व पाण्याचे तापमान पाहून त्याच्या कार्यक्षमतेचा अंदाज घेणे.
- गुणोत्तरास या कार्यक्षमतेने गुणणे. येणारा आकडा म्हणजे वायूची बरोबरी करण्यासाठी उष्णता पंपाला आवश्यक असलेला किमान कार्यगुणांक.
- वायू पूर्णपणे बंद करता येत असल्यास वाचणारा स्थिर आकार हिशेबात धरणे.
- छत, भिंती व फटी यांतून निसटणारी उष्णता प्रथम रोखणे.

यांतील शेवटचा निकष दोन्ही इंधनांना समान लागू पडतो. उष्णतारोधन सुधारल्यास बॉयलर, साठवण हीटर व उष्णता पंप या सर्वांचाच खर्च घटतो. शिवाय घराला कमी तापमानाचे पाणी पुरू लागल्याने बॉयलरमधील संघनन वाढते आणि पंपाचा कार्यगुणांकही सुधारतो. इंधन बदलण्याची मुभा नसलेल्या सदनिकांत खर्च कायमचा कमी करण्याचा हाच प्रमुख मार्ग उरतो. मात्र छत व भिंतींची अशी कामे बहुधा घरमालकाच्या किंवा स्थानिक प्रशासनाच्या हाती असतात.